तेल पाजलेले वासे

नाव धुता धुता माझा उजवा पाय नावेत उभं राहायच्या तळफळीतून घोट्यापर्यंत आत गेला, तेव्हा मी आधी नवऱ्याला शिवी घातली आणि मग किंचाळले. मासेमारीची पावसाळी बंदी नुकतीच लागली होती, पण पावसाने त्या वर्षी ओढ दिली होती. नाव वर ओढून आम्ही घराशेजारच्या मोकळ्या जागेत टायरांवर चढवली होती आणि मी साबणाचं पाणी, खराटा घेऊन आत उतरले होते. मधली फळी दबते हे मी त्याला अख्खा हंगाम सांगत होते. तो म्हणायचा, "दबते म्हणजे काय? माणूस चढला की दबणारच." आता मी एका पायावर उभी आणि दुसरा पाय नावेच्या पोटात, थंडगार चिखलात.

"हलू नकोस," तो धावत येत म्हणाला. "फळी आणखी फाटेल."

"फळीची काळजी आहे, पायाची नाही."

"पाय तुझा मजबूत आहे गं."

मी त्याला अरे-तुरे करते. एका गल्लीत धुळीत लोळून मोठे झालो, आता कुठून अहो-जाहो आणू? माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, ते आजही खटकतं. ते पडवीत खुर्ची टाकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "बादली फुटली वाटतं."

नाव फायबरची. म्हणून मामा तिला जन्मात कधी नाव म्हणाले नाहीत, बादलीच म्हणाले. ते स्वतः लाकडी नावा बांधणारे सुतार. या किनाऱ्यावरच्या निम्म्या नावा एके काळी त्यांच्या हातच्या होत्या. मग फायबरच्या नावा आल्या, मामांकडे कुणी फिरकेना, पुढे गुडघेही गेले. सुताराच्या मुलाने जुनी का होईना, पण फायबरचीच नाव घ्यावी, हे त्यांना फार लागलं होतं. त्यातही नेमकी हीच नाव. तिच्या पहिल्या मालकाने मामांना लाकडी नाव बांधायला सांगितली होती, मामांनी तिच्या कण्यासाठी तासभर हात फिरवून एक लांब, सरळ वासा निवडून आणला होता, आणि त्या माणसाने ऐन वेळी शब्द फिरवून ही फायबरची उचलून आणली होती. तो वासा तेव्हापासून आमच्या पडवीच्या आढ्याला दोरांनी टांगलेला आहे. मी त्याच्यावर कपडे वाळत घालते. बाकी कुणी त्याला हात लावलेला मामांना चालत नाही.

नवऱ्याने छोटी हातोडी आणली आणि तळफळीवर ठोकत निघाला. कडेला टणक आवाज यायचा, ठक ठक. मध्ये आलं की भद. पुढे भद, मागे भद. इंजिन टांगतात ती मागची फळी, तिच्यावर ठोकलं तर आतून पाण्याचा ओघळच आला. त्याचं तोंड उतरलं. बंदीत तसाही त्याचा पाय घरात ठरत नाही. उगाच जाळी उलगडतो, पुन्हा गुंडाळतो, पाण्यापर्यंत जातो आणि काय करायला आलो होतो ते विसरून परत येतो. त्या दिवशी तर त्याने जेवताना तीनदा उठून बाहेर डोकावून पाहिलं, जणू नाव उठून जाणार होती.

नेमके संध्याकाळी जावईबापू आले. माझ्या नणंदेचा नवरा. त्याच्या दोन मोठ्या नावा आहेत, आणि आवाज तिन्ही बाजूंच्या घरांत जाईल एवढा. नावेभोवती एक चक्कर मारून, भोकात वाकून बघून तो पडवीत येऊन बसला.

"संपलीच म्हणायची," तो म्हणाला. "मामा, माझ्या दुसऱ्या नावेचं इंजिन बसलंय. तुमचं इंजिन मात्र झकास आहे. मी काय म्हणतो, बंदी उठेल त्या सकाळी तुमची नाव पाण्यात असली, तर विषयच नाही. नसली, तर इंजिन माझ्या नावेला लावू. आणि हाही येईल इंजिनाबरोबर, माझ्याकडे हाताखाली. रिकामं बसून दोघंही गंजतील त्यापेक्षा."

"हाताखाली" हा शब्द त्याने अगदी सहज टाकला. माझा नवरा चहाची बशी तोंडाशी धरून तसाच थांबला. इंजिन मामांचं होतं. नावा बांधायच्या कारखान्याची जागा सोडली तेव्हा त्यांनीच ते घेऊन दिलं होतं, म्हणून उत्तर त्यांनीच द्यायचं. आणि जावयाला तोंडावर नाही म्हणणं मामांच्या रक्तात नाही.

"बरं," मामा म्हणाले.

एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावईबापूंनी चहा संपवला आणि जाता जाता इंजिनाच्या पकडीची वितीने मापं घेतली. आमच्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ग्राइंडर सुरू झाला. नवऱ्याने आधी नावेच्या कवचाला दोन्ही बाजूंनी वाळूच्या गोण्या लावून तिला नीट बसवलं, मग कडेकडेने तळफळी कापत गेला. फायबरची धूळ म्हणजे काचेचा बारीक भुगा. अंगभर कापड गुंडाळलं तरी ती बाह्यांतून, कॉलरमधून आत जाते आणि मग माणूस स्वतःचीच कातडी सोलून काढावी असं खाजवत सुटतो. त्याच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. मी त्याच्यावर गार पाणी ओतायची, तो दात आवळून उभा राहायचा आणि अंग पुसायच्या आत पुन्हा नावेकडे.

तळफळी उचलली तेव्हा जो वास आला तो मी कधी विसरणार नाही. गटार, मेलेले मासे आणि कुजका पाला, सगळं एकत्र. खाली नावेच्या लांबीचे दोन वासे होते, ज्यांच्यावर सगळी तळफळी आणि तिच्यावरची माणसं पेललेली असतात. वरून फायबरचा थर शाबूत दिसत होता. तो कापला तर आत लाकूड नव्हतंच, ओल्या पावासारखा काळा लगदा होता. मी स्वयंपाकघरातला डाव आणला आणि आम्ही तो लगदा डावाने उपसून बादल्या भरल्या.

"एवढी वर्षं आपण कशावर उभे होतो रे?" मी विचारलं.

"सवयीवर," तो म्हणाला आणि कधी नव्हे तो हसला.

कवच मात्र धडधाकट होतं. ते घासून, पुसून, उन्हात तापवून कोरडं केलं. मागची कुजकी फळी काढून तिथे नवी बसवली, तिच्यावर मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, आणि त्यात मुरवलेलं रेझिन. रेझिनचं काम पहाटेच्या गारव्यातच उरकावं लागतं. ऊन चढलं की डब्यातच त्याचा दगड होतो. आम्ही दोघं झुंजूमुंजू असतानाच नावेत वाकलेले असायचो. तो ब्रश मारायचा, मी कापडाच्या पट्ट्या कापून द्यायची, आणि अडकलेले हवेचे बुडबुडे बोटाने दाबून काढायची. आमचं एवढं पटलेलं लग्नानंतर फारसं कुणी पाहिलं नसेल.

मग वाशांची वेळ आली. नवरा पडवीत येऊन आढ्याकडे बघत उभा राहिला.

"बाबा, हा वासा मधून चिरला तर दोन्ही निघतील. लांबी नेमकी आहे."

मामा चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

"तो नावेचा कणा आहे," ते म्हणाले. "बादलीचा नाही."

"टांगून ठेवून काय होणार त्याचं?"

"माझ्या डोक्यावर आहे, तुझ्या नाही."

त्याने पुन्हा मागितला नाही. शहरात जाऊन लाकूड आणलं, तासलं, पुठ्ठ्याचे साचे करून कवचाच्या वळणाला मिळवलं. मामा खुर्ची हळूहळू पुढे सरकवत होते. पहिल्या दिवशी पडवीत, मग पायरीशी, मग थेट नावेच्या सावलीत. तोंडाचा पट्टा चालूच. "रंधा असा धरतात? भाजी किसतोयस का?" नवरा उत्तर द्यायचा नाही, पण मी बघत होते, रंधा धरायची पद्धत मात्र बदलली होती. वासे तयार झाले, नावेत ठेवून पाहिले, चपखल बसले. ताडपत्री टाकून तो रेझिन आणायला शहरात गेला. मीही जाळ्यांच्या कामाला गेले. घरी मामा एकटे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही ताडपत्री काढली. अंधारात वासे जरा काळसर वाटले. मी हात फिरवला, तर रेशमासारखे गुळगुळीत.

"मामांनी घासून ठेवलेत वाटतं," मी म्हणाले.

"घासू देत. तेवढाच त्यांचा वेळ जाईल."

रेझिनच्या उग्र वासापुढे दुसरा कसलाही वास नाकाला कळत नाही. आम्ही दोन्ही वासे बसवले, वरून पट्ट्यांचे थर चढवले. मामा पायरीवर बसून बघत होते, आणि सकाळभर एकदाही बादली म्हणाले नाहीत. उलट मला म्हणाले, "सावकाश गं, घाई नको." मला भरून आलं. वाटलं, म्हातारा निवळला.

एक दिवस वाळू दिलं आणि नवरा हात फिरवून बघायला आत उतरला. एक कड थोडी सुटलेली दिसली म्हणून त्याने नखाने उचलली. पट्टी उचलली गेली. ओढली, तर दुधावरची साय निघावी तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी हातात आली. खाली वासा तसाच, चमकत. त्याने दुसऱ्या वाशाची कड धरली. तीही आली.

"लाकूड ओलं होतं का?" मी घाबरून विचारलं.

तेवढ्यात मागून मामा काठी टेकत आले. चेहऱ्यावर गुपित सांगायला आलेल्या माणसाचा आनंद.

"ओलं कसलं? तेल पाजलंय मी त्यांना. दोन हात. जवसाचं, अस्सल. माझ्या हातचा वासा तेल प्यायल्याशिवाय कधी नावेत गेला नाही. आता पन्नास वर्षं कुजत नाहीत."

लाकडी नावेत ते खरंच होतं. तेल प्यायलेल्या लाकडात पाणी शिरत नाही. पण रेझिनही शिरत नाही, आणि फायबरच्या नावेत सगळी मदार त्या चिकटण्यावरच असते. हे मामांना ठाऊक नव्हतं, कारण त्या बादलीबद्दल त्यांनी कधी काही जाणून घेतलंच नव्हतं. आणि आम्ही त्यांना कधी सांगायला गेलो नव्हतो.

माझा नवरा नावेतून बाहेर आला. हातात ती लांबलचक पट्टी होती. त्याने ती मामांच्या पायाशी टाकली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"अरे, मी..."

"वासा मागितला तो दिला नाहीत. न मागता तेल दिलंत. आता जा तुम्हीच जावयाच्या नावेवर, हाताखाली."

बापाशी असं तो कधी बोलला नव्हता. मामांनी पट्टी वाकून उचलली, तिच्याकडे पालटून पालटून पाहिलं, तिचा वास घेतला. त्यांना कळलं. ते घरात गेले आणि दुपारचं ताट तसंच परत आलं. मला नवऱ्याचा राग पटत होता आणि म्हाताऱ्याची दयाही येत होती, दोन्हींत माझी कुतरओढ होत होती. नवऱ्याने वाशांना रंधा मारून पाहिला, पण तेल खोल गेलं होतं. पाजताना मामांनी कंजुषी केली नव्हती. शहरात पुन्हा चक्कर मारली, तर वखारीत होतं ते सगळं लाकूड ओलं. तो परत येऊन पाण्याकडे तोंड करून बसला. किनाऱ्यावर बाकीच्यांच्या नावांना रंग चढत होते, इंजिनं फुरफुरत होती. बंदी उठायला आता फार उरलं नव्हतं. त्याचा एक पाय सारखा हलत होता.

सकाळी मी उठले तर पडवीत मामा खुर्चीवर उभे. ज्यांना काठीशिवाय पायरी उतरता येत नाही ते खुर्चीवर उभे राहून आढ्याची गाठ सोडत होते.

"मामा! पडाल!"

"मग खालचं टोक धर. ओरडू नकोस, तो उठेल."

मामांनी दोर सैल सोडत आणि मी टोक धरत वासा उतरवला. माझे कपडे भिंतीच्या खिळ्याला गेले. मामा वाशाला हात न लावता काठीने त्याच्याकडे खूण करत म्हणाले, "हा कोरा आहे. घडवल्याशिवाय मी तेल लावत नाही कधी." मग म्हणाले, "पोरी, साबण दे. कपड्यांचा."

दगडावर बसून त्यांनी हात धुतले. कोपरापर्यंत, नखांत काडी घालून, राख लावून, पुन्हा साबण. नवरा उठून दारात आला. वासा खाली बघून थबकला. मामा ओले हात पुढे करून त्याच्यासमोर उभे राहिले, शाळेत पोरं मास्तरांना नखं दाखवतात तसे.

"बघ. आहे का तेल?"

त्याने बापाचे हात धरून नाकाशी नेले. मला वाटलं, आता पुरे म्हणेल.

"अजून एकदा धुवा," तो म्हणाला.

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण मामा मान डोलावून पुन्हा दगडावर जाऊन बसले आणि हात घासू लागले. "बरोबर आहे त्याचं," ते मला म्हणाले. "लाकडाच्या बाबतीत भीड धरायची नसते."

दुसऱ्यांदा त्याने हात हुंगले, आणि मग सोडलेच नाहीत. तसाच धरून त्यांना वाशापाशी घेऊन आला. "चिरायची रेघ तुम्ही मारा," तो म्हणाला. "माझी वाकडी जाते."

त्यानंतर जेवणखाण कुणाला सुचलं नाही. वासा चिरला, वरची काजळी रंध्याने गेली तेव्हा आतून मधासारखा रंग निघाला. मामा बसल्या बसल्या तासत होते, मुलगा कवचात साचा लावून बघत होता. दोघं भांडत होते, पण आता ते कामाचं भांडण होतं. रेझिन लावताना मामा दर थोड्या वेळाने विचारायचे, "धरलं का?" मुलगा म्हणायचा, "बाबा, आत्ता तर लावलंय." रात्री झोपेतही ते विचारत असावेत. वाळल्यावर नवऱ्याने पट्टीखाली पटाशी घालून जोर लावला. पट्टी सुटली नाही. मामांनी स्वतः पटाशी घेतली, दात आवळून जोर लावला. पटाशीच सटकली.

"धरलं," ते म्हणाले आणि मांडी थोपटत बसले.

पण तळफळी राहिली. फळ्या कापून तयार होत्या, त्यांना फायबर चढवून वाळवायला वेळ उरला नव्हता. बंदी उठायच्या सकाळी किनाऱ्यावर नुसता गलबला. आणि आमच्या दारात जावईबापू, दोन गडी, एक बांबू आणि दोर घेऊन हजर. इंजिन न्यायला.

नवरा त्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "दोर धर." नावेखाली ओंडके सरकवले होतेच. आम्ही ढकलू लागलो. जावईबापूंच्या गड्यांपैकी एकाला राहवलं नाही, त्यानेही खांदा लावला. नाव घरंगळत उतारावरून गेली आणि पाण्यात शिरली. तिच्या पोटात फक्त ते दोन वासे, बाकी सगळं उघडं. नवऱ्याने मागच्या नव्या फळीवर इंजिन टांगलं.

"हे काय?" जावईबापू म्हणाले. "ही नाव आहे की सांगाडा?"

"पाण्यात आहे," मामा म्हणाले. जावयाला ते असं तोडून बोललेले मी प्रथमच ऐकले. "तुमचा शब्द पाण्याचा होता. मला आत बसवा."

"मामा, तळफळी नाही तिला, बसणार कुठे?" मी म्हणाले.

"वाशावर. माझा आहे तो."

आम्ही दोघांनी धरून त्यांना आत चढवलं. वाशांना तेल पाजलं होतं, तोच डबा त्यांच्या हातात होता, घासूनपुसून लखलखीत केलेला. लाकडी नाव पहिल्यांदा पाण्यात उतरते तेव्हा फटींतून पाणी घेते, लाकूड फुगून सांधे बसेपर्यंत उपसत राहावं लागतं. मामांनी बांधलेल्या प्रत्येक नावेत पहिल्या दिवशी ते स्वतः डबा घेऊन बसले होते. आताही ते दोन्ही पाय कवचात सोडून, वाकून, वाशांच्या मधल्या खोलगट जागेवर डोळे लावून बसले. तळफळी नव्हती, त्यामुळे नावेचं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होतं.

इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. नवऱ्याने नाव थोडी आत नेऊन वळवली आणि परत किनाऱ्यालगत आणली. जावईबापू कमरेवर हात ठेवून बघत होते. मग गड्याला म्हणाले, "चला, बांबू उचला." जाताना हसून मला म्हणाले, "फळ्या लवकर घाला वहिनी, नाहीतर मासे पकडायच्या आधी म्हाताराच पडेल आत." मन वाईट नव्हतं त्याचं, आवाजच मोठा होता. इतर नावा एकेक करून निघाल्या. आमची नाव त्या दिवशी मासे आणणार नव्हती, पण नवरा इंजिनाचा दांडा धरून उभा होता आणि त्याचा पाय हलत नव्हता.

मी गुडघाभर पाण्यात जाऊन काठ धरला. "मामा, उतरा आता. ऊन चढलं."

"थांब," ते म्हणाले. "पाणी येईल."

"नाही येणार, बाबा," नवरा म्हणाला.

"पहिल्या दिवशी येतंच."

आम्ही थांबलो. त्यांनी वाकून हात खाली घातला, कवचाच्या तळाला तळवा टेकवला, वाशाच्या कडेकडेने बोटं फिरवत नेली आणि हात वर काढून बघितला. कोरडा. दुसरा हात घातला. तोही कोरडा. मग त्यांनी मान खाली घातली आणि रडू लागले. लपवलं नाही, डोळेही पुसले नाहीत. नवरा इंजिन बंद करून वाशावरून तोल सावरत पुढे आला आणि बापाशेजारी बसला. दोघांच्या मध्ये तो रिकामा डबा.

"बाबा, उद्या फळ्या बसवू," तो म्हणाला.

"बसव," मामा म्हणाले. "पण आज राहू दे उघडी. नाव आत कशी दिसते, ते मला बघू दे."